धावदोरा

प्रवासाच्या तयारीला आपण मराठीत 'बांधाबांध' म्हणतो. हा शब्द ज्या काळातला आहे त्या काळी प्रवासाला निघायचे म्हणजे खरोखरच बांधावे लागे. वळकटी बांधायची, शिदोरी बांधायची, ट्रंकेला दोरी बांधायची. आता वळकट्या गेल्या, फिरकीचे तांबे माळ्यावर जाऊन बसले आणि चाकांच्या पेट्या आल्या. शब्द मात्र राहिला. आणि बांधाबांध आटोपल्यावर पडणारा प्रश्नही राहिला. कपडे भरून झाले, औषधे भरून झाली, मोबाइलची वायर सापडली, की माणूस क्षणभर थांबतो आणि मनाशी म्हणतो, 'वाटेत काय करायचे?' ज्याचे त्याचे उत्तर मग पिशवीत पडते. कुणी रहस्यकथा टाकतो, कुणी पत्त्यांचा जोड, कुणी काहीच टाकत नाही, कारण त्याला गाडी सुटायच्या आधीच झोप लागते. मी शिवण टाकते.

शिवण म्हणजे हातशिवण, आणि तेही गोधडीचे. हे ऐकून कित्येकजण हसतात. त्यांचे हसणे रास्त आहे. गोधडी ही प्रवासात शिवायची वस्तूच नव्हे. तिला घर लागते, घरात जमीन लागते आणि जमिनीवर दुपारचा निवांतपणा लागतो. जुनी लुगडी धुऊन, ताणून, एकावर एक अंथरायची, त्यांवर रंगीत ठिगळे मांडायची, मग कडेला बसून धावदोरा घालायला सुरुवात करायची आणि एकेक ओळ पुरी करीत सरकत जायचे. गोधडी शिवणारी बाई गोधडीवरच बसलेली असते. असले धूड आगगाडीच्या बाकावर कोण पसरू देईल? शेजारचा प्रवासी फार तर तीत पाय घालून झोपेल.

तेव्हा प्रवासासाठी दोनच मार्ग उरतात. पहिला म्हणजे तान्ह्या बाळाचे दुपटे. ते वारभर लांब, वारभर रुंद. मांडीवर मावते, घडी केली की पिशवीत जाते. बाळंतविड्यातली कुंची, टोपडे, झबले हीही मांडीवर होणारी कामे. पण दुपट्यात गोधडीचा खरा आनंद आहे, कारण त्यातही थर आहेत आणि थरांतून सरळ धावणारा दोरा आहे. दुसरा मार्ग तुकड्यांचा. जाड कागदाचे लहान षट्कोन कापायचे, प्रत्येकावर कापडाचा तुकडा दुमडून कच्चा टाका घालायचा, आणि असे तुकडे कडेला कड लावून जोडीत जायचे. जोडणी झाली की कच्चा टाका उसवून कागद काढून घ्यायचा. ही रीत मूळची आपली नव्हे. इंग्लंडात कागदावर घडवलेल्या तुकड्यांचे एक रेशमी पांघरूण जपून ठेवलेले आहे, त्यावर 1718 हे साल घातलेले आहे. तिकडच्या जुन्या, अर्धवट राहिलेल्या कामांत कागद तसेच सापडतात आणि ते कागद जुन्या पत्रांचे, हिशेबांचे, वर्तमानपत्रांचे असतात. मी लग्नपत्रिका वापरते. आमच्याकडे त्यांचा तुटवडा नाही. पत्रिकेचा कागद भारी असतो आणि मंगलकार्य पार पडल्यावर तिचे काय करावे हे कुणालाच कळत नाही. एका पत्रिकेत सहज आठ-दहा षट्कोन निघतात. कुणाचा 'चि.' एका तुकड्याखाली जातो, कुणाची 'चि. सौ. कां.' दुसऱ्या, आणि मधल्या प्रवासात माझ्या हातून ते पुन्हा एकदा जोडले जातात.

ज्या वाचकभगिनींना (आणि बंधूंना, मी कुणाला मनाई करीत नाही) हे करून पाहावेसे वाटेल, त्यांच्यासाठी अनुभवाच्या चार गोष्टी सांगते. कापणे घरीच उरकावे; गाडीत फक्त जोडणे ठेवावे. सुईत दोरा ओवणे हे हलत्या गाडीत पाप आहे, म्हणून सात-आठ सुया घरूनच ओवून फलाणीच्या पट्टीवर टोचून न्याव्यात. दोरा हातभरच घ्यावा. लांब दोरा आळशाचा, अशी जुन्या बायकांची समजूत होती. तो वाचवायला जावे तर गुंततो आणि शेजारणीच्या चष्म्यात अडकतो. दोऱ्यावरून मेणाचा तुकडा फिरवला तर गाठी कमी पडतात. कात्री लहान, बोथट टोकाची, फितीने गळ्यात अडकवलेली असावी. एरवी ती हमखास बाकाखाली जाते. विमानाने जायचे असेल तर ती हातातल्या पिशवीत न ठेवता मोठ्या सामानात द्यावी, दाराशी वाद घालीत बसू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे चढताना सुया मोजाव्या आणि उतरताना पुन्हा मोजाव्या. आपल्यामागून त्या बाकावर कुणाचे तरी मूल बसणार असते.

हात चालता ठेवून वाट कापणे ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. मेंढरांमागे चालणारा धनगर चालता चालता लोकर कातत असे. हातातली टकळी गरगरत खाली जाई, सूत वर गुंडाळले जाई आणि पाय आपले रान तुडवीत असत. त्या लोकरीचीच पुढे घोंगडी होत. मराठीने टकळी तिथून उचलली आणि बडबड्यांच्या तोंडाला लावली. ती तिथे इतकी घट्ट बसली, की आज वर्गात मी 'टकळी' म्हटले तर मुलांना तोंडच आठवते, सूत आठवत नाही. बायकांच्या डब्यात मात्र दोन्ही टकळ्या एकदम चालताना दिसतात. मुंबईत 5 मे 1992 रोजी चर्चगेट ते बोरिवली अशी केवळ स्त्रियांसाठी लोकल सुरू झाली. पण बायकांचे राखीव डबे त्याच्या कितीतरी आधीपासूनचे. त्या डब्यात काय होत नाही? गवारी मोडली जाते, मटार सोलले जातात, गजरे ओवले जातात, स्वेटरचा गळा उतरवला जातो, आणि तोंडाने सासू, साहेब व शाळेची फी या तिन्हींचा समाचार घेतला जातो.

हे सगळे मी एकदा वर्गात मोठ्या कौतुकाने सांगत होते. लोकसाहित्याचा तास होता. जात्यावरच्या ओव्यांवरून गाडी गोधडीवर आली आणि गोधडीवरून खऱ्या गाडीवर. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. ती रोज दोन बसगाड्या बदलून कॉलेजला येते. म्हणाली, "मॅडम, एक विचारू? पुरुष गाडीत बसले की खिडकीतनं बाहेर बघतात. बायकांनीच का म्हणून शेंगा सोलायच्या? प्रवासात तरी हात रिकामे नकोत का?"

वर्ग हसला. मी हसले नाही, कारण प्रश्न खरा होता. डब्यात गवारी मोडणारी बाई हौसेने मोडत नसते. घरी पोचल्यावर जो अर्धा तास वाचणार असतो त्याचे भाडे ती आधीच भरत असते. स्वयंपाकघर तिच्यामागे डब्यात चढलेले असते. मग माझे दुपटे तरी वेगळे कशावरून? तेही शेवटी कुणाच्या तरी घरासाठीच ना?

हाताच्या कामाकडे पाहण्याची आपली दृष्टीही सरळ नाही. गांधीजी प्रवासात कातत. येरवड्याच्या तुरुंगात असताना त्यांनी घडी घालून पेटीत मावेल अशा चरख्याचा ध्यास घेतला. तोच पेटीचरखा 'येरवडा चक्र' म्हणून ओळखला जातो. 1931 साली गोलमेज परिषदेसाठी 'राजपुताना' बोटीने विलायतेला जातानाही त्यांचे कातणे चालू होते. त्याला ते यज्ञ म्हणत, आणि तो स्त्रीपुरुष सर्वांनी करावा असे त्यांना वाटे. लोकांनी काय केले? पुरुषाच्या हातातल्या चरख्याला यज्ञ म्हटले आणि बाईच्या हातातल्या सुईला विरंगुळा. तेव्हा त्या मुलीच्या प्रश्नाला 'अगं, हातांना चाळा असला की बरे वाटते' एवढे उत्तर देऊन भागण्यासारखे नव्हते.

त्या सुमारास मी एका गोधडीविषयी वाचत होते, आणि तिने तर हा प्रश्न आणखी अवघड करून ठेवला. ही गोधडी समुद्रावर शिवलेली आहे. 5 एप्रिल 1841 रोजी इंग्लंडातल्या वूलिच येथून 'राजा' नावाचे जहाज निघाले. नाव राजा, पण आत होत्या एकशेऐंशी कैदी स्त्रिया. त्यांना काळ्या पाण्याची शिक्षा देऊन व्हॅन डीमेन्स लँडला, म्हणजे आजच्या टास्मानियाला, नेण्यात येत होते. त्या काळी असल्या शिक्षेला फार मोठा गुन्हा लागत नसे. किरकोळ चोरीही पुरत असे. एलिझाबेथ फ्राय या बाईंनी न्यूगेटच्या तुरुंगातल्या स्त्रियांची दैना 1813 मध्ये पाहिली होती. तेव्हापासून त्यांनी आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी कैदी बायकांसाठी जी कामे केली, त्यांतले एक म्हणजे जहाजावर चढणाऱ्या प्रत्येकीला एक पिशवी देणे. पिशवीत सुया, टाचण्या, दोऱ्याच्या गुंड्या, अंगुस्तान, कात्री, आणि दोन पौंड कापडाचे तुकडे. असल्या जहाजांवरच्या काही बायकांनी वाटेत रिओ दि जानेरोच्या बंदरात आपल्या गोधड्या विकून चार पैसेही गाठीला बांधले.

'राजा' एकशेपाच दिवसांनी, 19 जुलैला होबार्टला पोचले. तोवर जहाजावर एक गोधडी तयार झाली होती. तुकडे 2815. मधोमध छापील कापडातून कापून लावलेले पक्षी आणि फुले, आणि भोवती तुकड्यांच्या चौकटीमागून चौकटी. देखरेखीला केझिया हेटर नावाची तेवीस वर्षांची तरुणी होती. तिचे आणि जहाजाच्या कप्तानाचे त्याच सफरीत लग्न ठरले, तेव्हा सगळाच काळोख होता असे नाही. गोधडीच्या कडेला बारीक टाक्यांत मजकूर भरलेला आहे. ही गोधडी कैदी स्त्रियांनी प्रवासात केली आणि त्यांच्यावर उपकार करणाऱ्या समितीच्या स्त्रियांना कृतज्ञतेने अर्पण केली, असा त्याचा आशय. शिवणाऱ्या एकीचेही नाव त्यावर नाही. पुढे गोधडी दृष्टीआड झाली. ती स्कॉटलंडमध्ये सापडली, आणि 1989 पासून ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयात, कॅनबेऱ्याला आहे. कापड नाजूक झाल्यामुळे ती क्वचितच लोकांपुढे मांडतात.

म्हणजे पाहा, समितीच्या भल्या बायकांनाही रिकाम्या हातांची धास्तीच वाटत होती. बाई बसली आणि हाताला काम नसले तर ती बिघडेल, हे जणू ठरलेले. तेव्हा सुई हे बंधन म्हणावे, की आधार? माझ्या विद्यार्थिनीचा प्रश्न असा सातासमुद्रांपलीकडून फिरून पुन्हा माझ्यापुढे आला. त्याचे उत्तर मला पुस्तकात मिळाले नाही. ते आईकडे मिळाले.

आई कोल्हापूरला असते, मी पुण्याला. मागल्या वर्षी तिची तब्येत बिघडली तेव्हापासून मी दर पंधरा दिवसांनी कोयना एक्स्प्रेसने जाऊ लागले. पुण्याहून कोल्हापूर म्हणजे सात-आठ तासांची बैठक. त्याच सुमारास भाचीला दिवस गेले. मी आईच्याच दोन जुन्या सुती पातळांचे थर घेऊन पणतवंडासाठी दुपटे घातले आणि ते गाडीत शिवू लागले. आईला काचबिंदू आहे. आता तिला उजेड आणि अंधार एवढाच भेद कळतो. पण एके काळी गल्लीतल्या निम्म्या घरांत तिच्या हाताच्या गोधड्या होत्या. पोचल्यावर मी दुपटे तिच्या मांडीवर ठेवी आणि ती त्यावरून बोट फिरवी.

एकदा तिचे बोट मध्येच थांबले. "इथं गाडी थांबली होती वाटतं," ती म्हणाली.

"कशावरून गं?"

"बघ की. इथपर्यंत टाके नागमोडी आलेत. मग एवढे सरळ. मग परत नागमोडी." बोट पुढे सरकले. "ही वळणं कुठली? घाट?"

आदर्की-वाठारच्या बाजूला गाडी वळणे घेत जाते, तिथलीच ती ओळ होती. सातारा, कराड, किर्लोस्करवाडी, सांगली अशी सगळी स्टेशने तिने बोटाने ओळखली म्हटले तर अतिशयोक्ती होईल; पण एका लांबलचक सरळ ओळीवर येऊन ती हसली आणि म्हणाली, "हे मिरज. तिथं थांबते जरा जास्त." आणि ते मिरजच होते.

त्या दिवशी मी तिला विद्यार्थिनीचा प्रश्न सांगितला. बायकांनी प्रवासात तरी हात रिकामे ठेवू नयेत का, असा. आई बराच वेळ दुपट्याची कड चाचपीत राहिली. मग म्हणाली, "पोरगी शहाणी आहे. पण तिला सांग, आमच्या वेळी नुसती बसलेली बाई कुणाला बघवत नव्हती. दुपारी जरा टेकले की सासूबाई हाक मारायच्या. हातात सुई असली की मात्र कुणी उठवायचं नाही. गोधडी शिवतेय, असू दे म्हणायचे. मला काही एवढी गोधड्यांची हौस नव्हती. बसायची हौस होती."

चाळीस वर्षे मी त्या गोधड्या पांघरल्या. त्या मायेने शिवल्या होत्या हे मला ठाऊक होते, आणि ते खोटे नव्हते. पण त्या प्रत्येक गोधडीत आईची कितीतरी दुपारची बसणी शिवलेली आहेत, हे मला तिच्या तोंडून ऐकेपर्यंत कळले नव्हते. सुई हा तिच्या बसण्याचा परवाना होता. 'राजा' जहाजावरच्या एकशेऐंशी जणींनाही त्या पिशवीने दुसरे काय दिले असेल? सक्तीच्या प्रवासात घटकाभर कुणी हटकणार नाही अशी एक जागा, आणि हाताखाली आपल्या मर्जीने जुळणारा एक तुकडा. समितीने काम दिले शिस्तीसाठी. बायकांनी ते घेतले बसण्यासाठी, असे असायला काय हरकत आहे? त्या गोधडीवर नावे नाहीत, पण काही टाके कसबी आहेत आणि काही अगदी नवशिके, असे पाहणारे सांगतात. माझ्या आईच्या बोटाखाली ती गोधडी आली असती तर कोणत्या दिवशी समुद्र खवळला होता तेही तिने सांगितले असते.

पुढच्या आठवड्यात वर्गात जाऊन मी त्या मुलीला आईचे उत्तर जसेच्या तसे सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मग आता गाडीत कशाला, मॅडम? तिथं तर तिकीट काढलेलं असतं."

हे मात्र तिने आईच्याही पुढचे सांगितले. घरात बसायला सुई लागत होती. गाडीत बसायला तिकीट पुरते. तिथे मला कुणी उठवणार नाही. म्हणून गाडीत जे शिवायचे ते घाईचे नसावे, कुणी सांगितलेले नसावे, आणि खिडकीत काही बघण्याजोगे आले की तत्क्षणी मांडीवर टाकता यावे. गवारीचे तसे नाही. ती मोडून व्हायलाच हवी असते. हा भेद मी हल्ली पाळते. पिशवीत शिवण असतेच. पण नीरा नदीचा पूल आला की मी सुई टोचून ठेवते आणि पाणी बघते. कधीकधी सातारा येईपर्यंत ती तशीच टोचलेली राहते आणि माझे काही अडत नाही.

दुपटे पुरे झाले. शेवटचा कोपरा आईने शिवला. सुई मी ओवून दिली, आणि तिने डाव्या हाताच्या बोटाने आधीचा टाका शोधीत उजव्या हाताने पुढचा घातला. तिला एक कोपरा पुरा करायला दोन दिवस लागले. तिचे टाके माझ्याहून कितीतरी सरळ आले आहेत, कारण ती स्थिर बसली होती आणि तिला कुणी हाक मारली नाही. बाळ आता सहा महिन्यांचे आहे, आणि दुपट्याचा नेमका तोच कोपरा तोंडात घालून चोखते असे भाची फोनवर सांगते.

दिवाळीची सुटी लागली आहे. गाड्या भरून चालल्या आहेत. वाचकांपैकी अनेकजण हा अंक हाती घेऊन कुठेतरी निघाले असतील. शेजारच्या बाकावर एखादी बाई काही शिवताना दिसली तर तिला वाकून 'काय करता?' असे जरूर विचारा. शिवणाऱ्यांना तो प्रश्न आवडतो. आणि घरी पोचल्यावर, तुमच्या घरातली एखादी बाई दिवाळीच्या धांदलीतून दुपारी काही न करता नुसतीच बसलेली दिसली, तर मात्र तिला काही विचारू नका. तिला बसू द्या.